रिद्धपूरच्या गच्चीवरून

14 जानेवारी 2025, संक्रांत

हळदीकुंकवाला आलेल्या बाया गेल्या आणि दुर्बीण गच्चीवर नेली. काल पौर्णिमा झाली, त्यामुळे चंद्र अजून भरलेलाच. त्याच्या जरा वर लाल मंगळ. परवा बारा तारखेला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, साडेनऊ कोटी किलोमीटरच्या थोडं पलीकडे. असा योग साधारण सव्वीस महिन्यांनी येतो.

रात्रीची लाइन म्हणून गल्लीतला एक भाऊ ओलिताला निघाला होता. खालूनच त्यानं विचारलं, "ताई, थो लाल तारा कोनता हाये?" मंगळ, म्हटलं. तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या पोरीले हाच हाये. दोन पाव्हने वापस गेले."

मी म्हटलं, परवा तिला घेऊन या.

16 जानेवारी

मुलगी आली, बाप आला, मागून आईही आली. आज मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आहे. इकडे सूर्य मावळतो, तिकडे तो उगवतो. वर चढेपर्यंत वाट पाहिली. क्षितिजाजवळ बिंब नुसतं थरथरतं, काही कळत नाही.

मुलीनं डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. नारिंगी चकती, तिच्या एका कडेला पांढरट ठिपका. तो ध्रुवावरचा बर्फ, हे सांगितल्यावर तिनं पुन्हा पाहिलं. रंग गंजलेल्या लोखंडाचा आहे, मातीतच लोह आहे. व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष मात्र 687 दिवसांचं. हवा विरळ, तीही बहुतेक कार्बन डायऑक्साइडची. आपलं मंगळयान 24 सप्टेंबर 2014 ला पहिल्याच प्रयत्नात त्याच्या कक्षेत गेलं, तेव्हा ही मुलगी प्राथमिक शाळेत असेल.

मग वही काढली. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष धरतात. बारांपैकी पाच घरं. लग्नराशी दिवसभरात बाराही येऊन जातात, प्रत्येकी सुमारे दोन तास. म्हणजे दर दिवशी साधारण दहा तासांत जन्मलेलं प्रत्येक मूल या हिशेबात बसतं. मुलगी कॉलेजात आहे, तिनंच गुणाकार केला: "आमच्या वर्गात साठ पोरी हायेत. म्हंजे पंचवीस जनींले मंगळ?" बाप काही बोलला नाही. आईनं विचारलं, मले पाहू देता का? ती उठली ती दुर्बिणीपाशी सर्वांत जास्त वेळ उभी राहिली.

मुलीचं लग्न या आकड्यांनी जुळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या नावानं घरात धाक आहे, तो त्या तिघांनी आज डोळ्यांनी पाहिला.

18 जानेवारी

शाळेची मुलं. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी अगदी जवळ, दोन-सव्वादोन अंशांवर. शुक्र इतका झगझगीत की शनी शोधून दाखवावा लागला.

शुक्र दुर्बिणीतून अर्धाच दिसला. तो पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळून फिरतो म्हणून त्याला चंद्रासारख्या कला येतात. आकार पृथ्वीएवढाच, पण ढगांखाली 460 अंशांच्या वर तापमान आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब. स्वतःभोवती उलटा फिरतो, तोही इतका सावकाश की एका फेरीला 243 दिवस. सूर्याभोवती मात्र 225 दिवसांतच फिरून येतो.

शनीनं मुलांची निराशा केली. पुस्तकातलं रुंद कडं त्यांना हवं होतं. यंदा ते आपल्याला जवळजवळ काठावरून दिसतंय. बिंबातून सुई आरपार गेल्यासारखं. मला स्वतःला हे दर्शन मोलाचं वाटतं. साडेएकोणतीस वर्षांच्या त्याच्या फेरीत असं दोनदाच होतं. कड्यात बर्फाचे आणि दगडांचे असंख्य तुकडे आहेत. विस्तार लाखो किलोमीटरचा आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटरच, म्हणून आडवं झालं की दिसेनासं होतं.

साडेसातीचा हिशेबही याच फेरीतून निघतो. साडेएकोणतीस वर्षं भागिले बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. मागची, स्वतःची आणि पुढची अशा तीन राशींची साडेसात. गती खरी आहे, मोजलेली आहे. पीडा तिला माणसांनी जोडली.

19 जानेवारी

दिवसभर व्यंकटेश बापूजी केतकरांविषयी वाचत होते. 1854 चा जन्म, पेशा शिक्षकाचा, ध्यास ग्रहगणिताचा. त्यांच्या काळातली पंचांगं मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून होत. तो ग्रंथ कोकणातल्या नांदगावी 1520 मध्ये झालेला, आणि सोपेपणामुळे देशभर गेलेला. पण पावणेचारशे वर्षांत बारीक फरक साचत गेले. पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे. केतकरांनी युरोपीय वेधांच्या आधारानं नवं गणित मांडलं, ज्योतिर्गणित लिहिलं. आकाशात दिसेल तेच पंचांगात आलं पाहिजे, यासाठी ते आयुष्यभर झटले.

1911 मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद्या संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असं त्यांचं गणित. जवळच्याला त्यांनी ब्रह्मा म्हटलं, दुसऱ्याला विष्णू. ब्रह्म्याचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या 38.95 पट आणि फेरी सुमारे 242 वर्षांची. फेब्रुवारी 1930 मध्ये खगोलशास्त्रज्ञ टॉम्बोला प्लूटो सापडला: सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी 248 वर्षांची. केतकर त्याच वर्षी वारले. प्लूटो फार हलका निघाला आणि 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतूनही गेला, त्यामुळे हा मेळ योगायोगच मानतात. मानोत. मला त्या शिक्षकाचा आवाका मोठा वाटतो.

25 जानेवारी

गुरू जवळजवळ डोक्यावर, रोहिणीपाशी. चार चंद्र एका रेषेत. गॅलिलिओनं जानेवारी 1610 मध्ये ते पाहिले आणि रोज रात्री त्यांच्या जागा टिपून ठेवल्या, त्यातून ते गुरूभोवती फिरतात हे कळलं. मी मुलांना तेच करायला लावलंय. संध्याकाळी एक चित्र, झोपण्याआधी दुसरं. तेवढ्या वेळातही आतला आयो सरकलेला दिसतो. गुरूचा व्यास पृथ्वीच्या अकरापट आणि दिवस दहा तासांहूनही लहान.

आमच्या गावाला ही रीत परकी नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र इथंच जमवलं, तेराव्या शतकात. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून, ताडून. आज दर्शनाला आलेल्या एक महानुभाव आजी पोरांची गर्दी पाहून वर आल्या. दंडवत झाला. गुरूचे चंद्र पाहून म्हणाल्या, आम्ही एका परमेश्वरावाचून कोनाले भजत नाही, ग्रहांची शांत आमच्यात नाही. पन पाहाले काय हरकत? आणि पोरांच्या रांगेत पुन्हा उभ्या राहिल्या.

1 फेब्रुवारी

गणेश जयंती. कोवळी चंद्रकोर शनी आणि शुक्र यांच्या मधे. नेपच्यूनही शुक्राशेजारीच आहे, पण साध्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. युरेनसच्या वाटचालीतल्या फरकावरून त्याची जागा आधी कागदावर निघाली आणि 1846 मध्ये तो तिथं सापडला. त्यानंतरची त्याची पहिली फेरी 2011 मध्ये पुरी झाली.

1 मार्च

बुध मिळाला! सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं, चंद्राच्या बारीक कोरीच्या खाली. संत्र्याच्या झाडांमागे जाईपर्यंत मिनिटं हातात थोडीच. बुधावर हवा जवळजवळ नाहीच, म्हणून दिवसा 430 अंश आणि रात्री उणे 180. आणि विवरांनी भरलेलं अंग. विवर म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या मुलांना चित्रावरून सांगावं लागत नाही. लोणार आपलंच: आकाशातून आलेल्या पाषाणानं काळ्या बेसाल्टमध्ये पाडलेला, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा. चक्रधरस्वामी तिथं राहिले होते, लीळाचरित्रात त्या लीळा आहेत.

शुक्र आता बारीक कोर झालाय आणि जानेवारीपेक्षा खूप मोठा दिसतो, कारण तो जवळ येतोय.

30 मार्च, गुढीपाडवा

काल शनीनं मीन राशीत प्रवेश केला. मेषेला साडेसाती लागली म्हणून सकाळपासून चार जणांनी विचारलं. प्रत्येकाला सांगितलं की शनी सध्या दिसतच नाही, सूर्याच्या प्रभेत आहे. थोड्या दिवसांनी पहाटे पूर्वेला येईल. 21 सप्टेंबरला सूर्यासमोर असेल, तेव्हा रात्रभर पाहता येईल. कडं तेव्हाही बारीकच असेल. गल्लीतल्या भाऊंच्या मुलीनं ती तारीख नव्या पंचांगावर लिहून घेतली, आणि मंगळाचीही: फेब्रुवारी 2027.