ओटीपासून माजघरापर्यंत

'बिनतारी' हा शब्द आमच्या आजोबांना संदेशाच्या यंत्रामुळें ठाऊक झाला, आमच्या वडिलांना रेडिओमुळें, आणि आमच्या नातवंडांना तो मुळींच ठाऊक नाहीं. कारण ज्याला तार आहे असें यंत्र त्यांच्या हातांत क्वचितच येतें. वडिलांनीं घरांत रेडिओ घेतला तेव्हां त्याचा परवाना काढावा लागला होता, आणि दर वर्षीं पोस्टांत जाऊन परवान्याच्या पुस्तकांत तिकिटें लावून आणण्याचें काम माझ्याकडे असे. आकाशांतून आलेला आवाज ऐकावयाचा तर सरकारची परवानगी हवी, हें त्या वयांत मला अगदीं योग्य वाटे. आज आमच्या वाड्यांत लहानमोठीं वीस यंत्रें दिवसरात्र आकाशांतून नुसतें ऐकत नाहींत, बोलतातही. आणि परवाना त्यांतल्या एकाचाही नाहीं. भारत सरकारनें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याच्या जाचांतून सोडविलें, त्याचें हें फळ. परवाना गेला; पण घरांत कोणीं केव्हां बोलावें हा प्रश्न मात्र सरकारनें आमच्यावर सोपविला, आणि तो अखेर माझ्या गळ्यांत पडला.

आमचा वाडा वाईस आहे. तीन भावांचीं कुटुंबें मिळून चौदा माणसें त्यांत नांदतात. खालच्या भिंती दगडविटांच्या, मातींत बांधलेल्या आणि दोन हात रुंद. पुढें ओटी, मग चौक, चौकापलीकडे माजघर आणि त्याला लागून एक अंधारी खोली. वहिनींच्या कमरेचें हाड मोडल्यापासून त्या या खोलींत असतात. दादांचा बिछाना वर्षानुवर्षें ओटीलगतच्या खोलींत. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेंत सिॲटल येथें नोकरीस आहे. माझी सून पुण्याच्या एका कंपनीचें काम माडीवर बसून करते. एवढें प्रास्ताविक पुरे.

फायबरची तार घेऊन जो माणूस आला, त्यानें दरवाजाजवळचा सोयीचा कोनाडा पाहून राउटरची पेटी ओटीवर टांगली, 'चालू झालें, काका' म्हणून सही घेतली आणि तो गेला. त्याचें काम तारेचें होतें, घराचें नव्हतें. परिणाम असा झाला कीं दादा आरामखुर्चींत बसून दिल्लीचीं भाषणें अखंड पाहूं लागले, आणि माजघरांत वहिनींच्या हातांतील टॅबलेटवर मुलाचा चेहरा उघड्या तोंडानें जागच्या जागीं थिजूं लागला. 'आई, ऐकूं येतंय का?' एवढेंच वाक्य दहा वेळां ऐकावयाचें आणि यंत्र खालीं ठेवावयाचें, असें दोन महिने चाललें. शेवटीं वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्हीं एवढें पाणिनीचें पुस्तक पचवलंत, या पेटीचं काय तें बघा कीं."

माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रांशीं माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता. परंतु व्याकरण शिकलेल्या मनुष्याला ही पेटी वाटते तितकी परकी नाहीं, असें माझें मत झालें आहे. तिच्यांत आधीं संज्ञा येतात, मग विधि, मग अपवाद. आणि वर एके ठिकाणीं घातलेला अधिकार खालच्या सर्व कलमांना, दुसरा येऊन अडवीपर्यंत, लागू राहतो. नातवाच्या संगणकावर १९२.१६८.१.१ हा अंक लिहिला कीं पेटीचें अंतरंग उघडतें. (सर्व पेट्यांचा अंक हाच नसतो, तो तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.) हा अंक जगांतल्या लक्षावधि घरांत एकच आहे, कारण तो घराबाहेर चालतच नाहीं. आमच्या वाड्याला टपालाचा पत्ता एक आणि आंत माणसें चौदा. पत्र ओटीवर येतें, आणि कोणाचें कोणतें हें ओटीवरचा माणूस जाणतो. राउटर तेंच करतो. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता दिसतो. आंत तो प्रत्येक यंत्राला ठराविक मुदतीसाठीं एक क्रमांक देतो आणि कोणीं काय मागितलें होतें हें लक्षांत ठेवून तें त्याच्याच हातांत पोंचवितो. एकत्र कुटुंबाची व्यवस्था कालबाह्य झाली असें म्हणणाऱ्यांनीं हा प्रकार एकदां अवश्य पाहावा.

आतां भिंतीचें. या पेटींतून दोन जातींच्या लाटा निघतात. एक सेकंदाला सुमारें २४० कोटी कंपनांची, साडेबारा सेंटिमीटर लांबीची. दुसरी ५०० कोटींहून अधिक कंपनांची, सहा सेंटिमीटरांहूनही आंखूड. लांब लाट भिंतींतून बऱ्यापैकीं पार होते, पण तिची वाट अरुंद आणि गर्दीची. आंखूड लाट पुष्कळ माल झपाट्यानें नेते, पण जाड भिंतीपुढें हात टेकते. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास याहूनही कितीतरी आंखूड, मिलिमीटरांत मोजावयाच्या लाटा सोडून आडोशापलीकडची घंटा वाजवून दाखविली होती. परंतु आमच्या वाड्याच्या भिंती त्यांच्या वाट्यास आल्या नव्हत्या. मीं फोन हातांत धरून ओटीपासून माजघरापर्यंत एकेक पाऊल मोजीत गेलों. चौकांत सर्व ठीक. पहिल्या भिंतीला निम्मा जोर गेला. दुसऱ्या भिंतीपाशीं तांब्याचा बंब आणि पाण्याचा मोठा हौद. धातु लाट परतवितो, पाणी ती गिळतें. तेथून पुढें कांहीं नाहीं.

पेटी उंच ठेवा, आरशामागें ठेवूं नका, लोखंडी कपाटांत ठेवूं नका, हे उपदेश पुस्तिकेंत असतात व ते खरे आहेत. आमच्या भिंतींना ते लागू पडले नाहींत. उपाय तारेचाच करावा लागला. ओटीवरच्या पेटीपासून माळ्यावरून पंचवीस मीटर केबल नेऊन ती वहिनींच्या खोलींत उतरविली आणि तेथें दुसरी पेटी बसविली. (अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे बहुतेक वाड्यांना पुरेल.) दुसऱ्या पेटीकडून क्रमांक वाटण्याचें काम मात्र काढून घेतलें, कारण एका घरांत दोघे कारभारी क्रमांक वाटूं लागले कीं दोन माणसांना एकच क्रमांक जातो आणि मग भांडण. सूनबाईंनीं माडीवरून सांगितलें कीं दुपारीं स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह लागला कीं तिची सभा तुटते. तो ओव्हनही नेमका २.४५ गिगाहर्ट्झवर तापतो. तिचें यंत्र आंखूड लाटेवर नेल्याबरोबर ती तक्रार मिटली. शेजारचा जुना वाडा पाडून तेथें चार मजली इमारत उठली आहे. तिच्यांतील बिऱ्हाडांच्या पेट्यांचा कलकलाट टाळण्यासाठीं लांब लाटेच्या १, ६ आणि ११ या तीन वाटांपैकीं, ज्या एकमेकींना घांसत नाहींत, मीं अकरावी धरली.

मग नांव ठेवण्याचा समारंभ झाला. दादांना कुलदैवताचें नांव हवें होतें. परंतु नांवाला बत्तीस घरें मिळतात आणि देवनागरींतील प्रत्येक चिन्ह तीन घरें खातें. काना, वेलांटी, हलन्ताचा पाय हेही वेगळे मोजतात. एकट्या 'लक्ष्मी'लाच एकवीस घरें लागतात, मग नृसिंहानें कोठें बसावें? दोन्ही पेट्यांना एकच नांव दिलें म्हणजे चालतां चालतां फोन आपोआप जवळच्या पेटीला लागतो. तें नांव 'माजघर' ठरलें. दादा म्हणाले, "मग ओटीनें काय पाप केलें?" परंतु बायकांचें बहुमत होतें. पाहुण्यांसाठीं 'पाहुणे' नांवाची वेगळी वाट काढली. तिच्यावरून बाहेरचें जग दिसतें, आमचीं यंत्रें दिसत नाहींत. ही सोय मला विशेष आवडली.

परवलीच्या शब्दाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें पुष्कळ सुशिक्षित घरें निष्काळजी आढळतात. तो रोमन लिपींत आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत असावा लागतो. आमच्या घरांतून संध्याकाळच्या श्लोकाचा पहिला चरण सुचविण्यांत आला. मीं नको म्हटलें. जें लाखों लोकांना पाठ आहे तेंच चोर आधीं लावून पाहतो. परस्परांशीं कांहीं संबंध नसलेले चार शब्द घेतले, त्यांत एक भाजी आणि एक व्याकरणाची संज्ञा होती. (तें आतां बदललें आहे.) कुलुपाची जात पाहणें तितकेंच महत्त्वाचें. १९९७ सालचें 'वेप' नांवाचें कुलूप २००१ सालींच फुटलें. २००४ सालचें डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ सालचें डब्ल्यूपीए-३ यांपैकींच लावावें. पेटीवर कळ दाबून किंवा आठ आंकडे सांगून आंत येण्याची एक सोय असते. ती मीं बंद केली. आठ आंकड्यांच्या दहा कोटी रचना होतात, तेव्हां सुरक्षित वाटतें. पण शेवटचा आंकडा आधींच्या सातांवरून ठरतो, आणि पेटी पहिले चार व पुढचे तीन वेगवेगळे तपासते. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, एवढींच अकरा हजार उत्तरें! २०११ सालीं हें उघड झालें. दहावींतल्या मुलाला घालण्याजोगें हें उदाहरण आहे. पेटीच्या अंतरंगाचा परवलीचा शब्द याहून निराळा. कारखान्यांतून आलेला तो तसाच ठेवल्यामुळें २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या किडीनें जगभरचे लाखों कॅमेरे आणि राउटर आपल्या चाकरीला लावले होते. तो शब्द मीं माझ्याजवळ ठेवला. एक प्रत लिहून देवघरांतील पेटींत.

आणि येथेंच खरी अडचण सुरू झाली. अंतरंगाच्या एका पानावर कोणतें यंत्र केव्हां जागें होतें याची यादी असते. कोण काय वाचतें हें तिच्यांत नसतें. पुष्कळसा मजकूर आतां बंद लखोट्यांतून जातो, फार तर लखोट्यावरचा पत्ता दिसावा. पण केव्हां, हें दिसतें. ही गोष्ट दादांना नातवाकडून कळली. एके दिवशीं त्यांनीं मला ओटीवर बोलावून सांगितलें, "रात्रीं दहानंतर सगळं बंद कर. घराला शिस्त राहिली नाहीं. आणि कोण जागत बसतं तें मला दाखव." दादा आमचे वडील भाऊ, वडिलांच्या मागें त्यांनीं आम्हांला शिकविलें. त्यांचा शब्द मोडण्याची मला सवय नाहीं.

मीं त्या रात्रीं यादी पाहिली. सूनबाईंचें यंत्र अकरापर्यंत, तें कामाचें. पुतणीचें बारापर्यंत, तिची परीक्षा तोंडावर. आणि एक यंत्र जवळजवळ रोज रात्रीं एक ते दोन जागें, नांव नाहीं, नुसते आंकडे आणि अक्षरें. हल्लींचीं यंत्रें आपला कायमचा क्रमांक लपवून उसना क्रमांक सांगतात, त्यामुळें नुसत्या यादीवरून माणूस ओळखतां येत नाहीं. पण तें माजघराच्या पेटीला लागलेलें होतें, आणि रात्रीं एक वाजतां माजघराच्या बाजूला एकच मनुष्य असतें.

दुसऱ्या दिवशीं मीं वहिनींपाशीं बसलों. त्यांनीं लपविलें नाहीं. कमरेच्या कळांनीं त्यांना बारानंतर झोंप लागत नसे. आमच्याकडे रात्रींचा एक म्हणजे सिॲटलला उन्हाळ्यांत दुपारचे साडेबारा. मुलगा जेवणाच्या सुटींत फोन करी, आवाज अगदीं लहान ठेवून. तो पुष्कळदां नुसता जेवत असे आणि या पाहत असत. "भावजी, यांना सांगूं नका. मला झोंप नाहीं हें कळलं तर तेही जागत बसतील. त्यांचं रक्तदाबाचं औषध नुकतंच वाढवलंय."

मीं संध्याकाळीं दादांना सांगितलें कीं मुलांचे तीन टॅबलेट साडेनऊला बंद होतील, तें मुलांसमोर बसून ठरवूं. मोठ्यांचें कांहीं बंद होणार नाहीं, आणि यादी मी दाखविणार नाहीं. त्यांनीं कारण विचारलें. मीं म्हटलें, "दादा, पोस्टमास्तर पत्रें वाटतो, कोणाला किती आलीं हें चावडीवर वाचून दाखवीत नाहीं." त्यांना तें उत्तर आवडलें नाहीं. "म्हणजे या घरांत मला विचारायचा हक्क उरला नाहीं," एवढें बोलून ते उठले. अठरा दिवस ते माझ्याशीं कामापुरतें बोलले. पंगतींत माझ्या शेजारीं बसत, पण मीठ धाकट्याकडून मागवीत. साठी उलटलेल्या दोन भावांत असा अबोला किती जड असतो हें ज्यांचें घर भरलेलें आहे त्यांनाच कळेल. यादी ठेवण्याची सोय मीं त्याच आठवड्यांत पेटींतून काढून टाकली.

वहिनींनीं पुढें त्यांना आपण होऊन सांगितलें, कीं त्यांचें त्यांना उमगलें, तें मला ठाऊक नाहीं आणि मीं विचारलेंही नाहीं. हा लेख पाठविण्यापूर्वीं मीं वहिनींना वाचून दाखविला. त्यांनीं फक्त औषधाचें वाक्य ठेवावें कीं नाहीं याचा थोडा विचार केला, आणि ठेवा म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्यांत रात्रीं वीज जाण्याचें प्रमाण वाढलें. वीज गेली कीं दोन्ही पेट्या मिटतात. एके दिवशीं दादा साताऱ्याला डोळे तपासावयास गेले होते. परत येतांना पिशवींतून त्यांनीं दोन लहान बॅटऱ्या काढून माझ्यापुढें ठेवल्या, राउटरला लावण्याच्या, बारा व्होल्टच्या. दुकानदारानें तीन तास चालेल असें सांगितल्याचें ते म्हणाले. ओटीवरची मी लावीत होतों, तेव्हां दुसरी घेऊन ते माजघराकडे निघालेही होते, दारापाशीं थांबून त्यांनीं विचारलें, "ही आधीं चार्ज करावी लागते कीं लगेच लावली तर चालते रे?"