आधी कोण?

शेजारची मुलगी नववीचे बीजगणित घेऊन येते. परवा क्रमनिरपेक्षता अडली. म्हटले, "मुलुंडहून घाटकोपरला जाताना भांडुपपर्यंत दोन स्टेशने, पुढे तीन. येताना आधी तीन, मग दोन. बेरीज पाचच ना?" पटले. (शून्य मिळवून संख्या बदलत नाही, हे तर ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच सांगितले आहे.) मग वजाबाकी. पाचांतून तीन वजा केले तर दोन; तिनांतून पाच केले तर उणे दोन.

"म्हणजे इथे आधी कोण, ते पाहायचे?"

मी चष्मा पुसू लागलो. आमच्या घरी संध्याकाळी जो आधी येईल त्याने चहा टाकायचा, असा चाळीस वर्षांचा रिवाज. कुणीही आधी येवो, कप दोनच. गेल्या वर्षी ती आधी गेली.

"आजोबा, पुढचे उदाहरण?" पोरीने वही सरकवली.