मागच्या गाडीचा ब्रेक

उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या मानेवर येते, हे आमच्या पिढीने पाहिलेलं आहे. अमेरिकेत मुलाच्या पिकअपला तीच अडचण. मागे कधी सामानाचा हलका ट्रेलर, कधी वजनदार कॅम्पर, आणि गाडीत माझी दोन नातवंडं!

म्हणून ब्रेक कंट्रोलर निवडताना मीही फोनवरून नाक खुपसलं. प्रकार मुख्यतः दोन. टाइम-डिलेड स्वस्त. पेडल दाबलं की ठरवून दिलेला जोर तो ट्रेलरच्या विजेवरच्या ब्रेकना हळूहळू पोचवतो. मग गाडी अलगद थांबवायची असो वा करकचून. प्रपोर्शनल मात्र गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते सेन्सरने ओळखतो आणि त्या प्रमाणात मागचे ब्रेक लावतो. ट्रेलर बदलते असतील तर हाच बरा. तरी ट्रेलर किंवा वजन बदललं की ‘गेन’ नव्याने लावायचा. कमी पडला तर ट्रेलर पिकअपला ढकलतो, जास्त झाला तर ट्रेलरची चाकं जागीच अडकून घसरतात.

वर्गात तरी वेगळं काय होतं? एकच धाक सगळ्या मुलांना लागू पडत नसे.

मुलाने प्रपोर्शनल घेतला. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक तपासतो. तपासल्याचा फोन आला, की माझा जीव भांड्यात पडतो.