मधली दोन वर्षं

शाळेच्या बक्षीस समारंभाला बसलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात पहिला. कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, संस्कृतमध्ये सर्वाधिक गुण. गेलेल्या माणसाचं नाव वर्षातून एकदा माइकवरून ऐकू यावं, एवढीच घरच्यांची इच्छा असते. माझा धाकटा भाऊ गेल्यावर नातेवाइकांनी आम्हालाही तेच सुचवलं. आई म्हणाली, "पहिल्या नंबराच्या मुलाचं नि आपल्या पोराचं काय नातं?"

खरंच काही नव्हतं. त्याने नववीत शाळा सोडली. मोटरसायकली चोरणाऱ्या पोरांबरोबर पकडला गेला, बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला, काही आठवडे निरीक्षणगृहात काढले. वस्तीने लगेच निकाल देऊन टाकला : वाया गेला. दोन वर्षांनी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी पास झाला, ५४ टक्के. मग आयटीआय, मग एसी दुरुस्तीचं काम. हे सांगायला सरळ वाटतं, पण मधे दोनदा तो सगळं सोडून पुन्हा नाक्यावर जाऊन बसला होता आणि दोनदा परत आला. तेविसाव्या वर्षी पावसाळ्यात लेप्टो झाला. चार दिवसांत गेला.

त्याच्या खात्यात दोन लाखांच्या आसपास रक्कम होती. ती मुदत ठेवीत टाकली तर सात टक्क्यांनी वर्षाला १४ हजार. आईने ठरवलं की हे पैसे रात्रशाळेतल्या एखाद्या मुलाला द्यायचे. "मार्गाला लागलेल्या," हा तिचा शब्द.

मेलेल्या मुलाच्या नावाने काठावरच्या मुलांसाठी काही करणं जगाला नवं नाही. अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये जानेवारी १९९५मध्ये तारिक खमिसा हा वीस वर्षांचा विद्यार्थी पिझ्झा पोचवायला गेला असताना त्याला गोळी घालण्यात आली. गोळी झाडणारा टोनी हिक्स चौदा वर्षांचा होता. तारिकच्या वडिलांनी, अझीम खमिसांनी, त्याच वर्षी मुलाच्या नावाने संस्था काढली. हिंसेच्या वाटेला लागू शकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी. टोनीचे आजोबा प्लेस फेलिक्स त्यांच्यासोबत उभे राहिले आणि दोघं मिळून मुलांशी बोलू लागले. मला त्यात क्षमेइतकंच आणखी एक महत्त्वाचं वाटतं : ही गोष्ट दोन मोठी माणसं स्वतःहून सांगत होती.

आमच्याकडे ती एका पोराकडून मागितली जाणार होती. रात्रशाळेच्या मुख्याध्यापक सरांनी आपुलकीने अर्जाचा नमुना तयार केला. चौथा प्रश्न होता : 'आपली पूर्वीची परिस्थिती व त्यानंतर झालेला बदल सविस्तर लिहा.' खाली दहा ओळी. पुढे स्टेजवर सत्कार, फोटो, गेटवर फ्लेक्स. सरांचा हेतू चांगलाच होता. इतर मुलांना प्रेरणा मिळेल, असं त्यांना वाटत होतं.

मला मात्र त्या दहा ओळी पुढे कुठे कुठे जातील ते दिसत होतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नोकरी देणाऱ्याच्या फोनमध्ये, होणाऱ्या सासरी.

आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांमध्ये 'नव्याने सुरुवात' हे एक तत्त्व आहे : अपवादात्मक परिस्थिती सोडली तर मुलाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ती नोंद उघड करायची नाही. म्हणजे जे पोलिसांनी सांगू नये असं कायदा म्हणतो, ते १४ हजारांसाठी मुलाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.

हे मी आईला सांगितलं. तिचाही प्रश्न रास्त होता. "अगं, विचारायचंच नाही, तर खरा कोण ते कळणार कसं?"

दोन रविवार यावर गेले. शेवटी भावाच्याच आयुष्याकडे बघून नियम केले. अट एकच : शिक्षणात एक वर्ष किंवा जास्त खंड पडलेला असावा आणि मुलगा किंवा मुलगी परत आलेली असावी. खंड का पडला, ते विचारायचं नाही. कुणी कामाला लागलं असेल, कुणी नशेत असेल, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी निरीक्षणगृहात असेल. वर्गशिक्षकांची शिफारस पुरे. पैसे एकरकमी न देता दहा महिने, दरमहा १,४००. कारण परीक्षेची फी एकदाच भरावी लागते, पण बसचं भाडं आणि संध्याकाळचा वडापाव रोजचा असतो. मूल मधेच यायचं थांबलं तर हप्ता रद्द करायचा नाही, बाजूला ठेवायचा. परत आलं की द्यायचा. हा नियम आईने घातला. दोनदा दार उघडं ठेवून बसलेली तीच होती.

अर्जात 'सुधारलेला' हा शब्दही घेतला नाही. तो शब्द कौतुक करतो आणि त्याच दमात आठवण करून देतो की तू आधी कसा होतास. भावाला शेजारचे काका एसी दुरुस्तीला बोलवायचे आणि पाण्याचा ग्लास देताना म्हणायचे, "सुधारलास हं." सहा वर्षं म्हणत होते.

शिष्यवृत्तीला भावाचं नाव आहे. म्हणूनच ते नाव इथे लिहिलेलं नाही. त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर राहू दे आणि त्याचा भूतकाळ या लेखात, निनावी. दोन्ही एकत्र आणायचा अधिकार त्याचा होता. तो आता नाही, म्हणून तो माझ्याकडे येत नाही.

यंदाचा अर्ज एका पानाचा आहे. खंड किती? दोन वर्षं. सध्या काय करता? दिवसा गॅरेजमध्ये. पुढे काय शिकायचं आहे? दहावी झाली की वायरमन. आईने तो दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाली, "पहिला हप्ता दहा तारखेच्या आत जाऊ दे. पास संपत आला असेल त्याचा."