बुजगावण्याची पदवी

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट १९३९ साली पडद्यावर आला. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. वादळाने उडवून नेलेली डोरोथी, अक्कल हवी असलेले बुजगावणे, काळीज हवे असलेला पत्र्याचा माणूस आणि धैर्य हवे असलेला भित्रा सिंह असे चौघे जादूगाराच्या शोधात निघतात. गाणी आहेत, नाच आहे. कॅन्ससचे तपकिरी जग मागे पडून ऑझचे रंगीत जग उघडते, तेव्हा आजही डोळे विस्फारतात. १९५६ साली तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आला आणि घरोघरी पोहोचला.

पण मला वाटते, तो टिकला तो त्यातल्या एका खट्याळ सत्यामुळे. जादूगार भोंदू निघतो! कादंबरीत तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा, टाचण्या आणि सुया भरतो. चित्रपटात मात्र चक्क पदवीचे भेंडोळे हाती देतो. बुजगावणे लगेच ऐटीत त्रिकोणाचा सिद्धान्त म्हणून दाखवते आणि तो साफ चुकीचा असतो. लहान मुलाला चूक कळत नाही, त्याला बुजगावण्याचा आनंद दिसतो. शाळेत भूमिती शिकलेला प्रेक्षक मात्र दचकतो. कारण पदवी नव्हती तेव्हा याच बुजगावण्याने रागीट झाडांना डिवचून सफरचंदे मिळवली होती. चेटकिणीच्या गढीत शिरण्याची युक्तीही त्यालाच सुचली होती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई आठवडी बाजारात भाजी विकते. चार-पाच गिऱ्हाइकांचे हिशेब ती एका दमात तोंडी करते, पैचीही चूक होत नाही. तरी घरात काही ठरवायचे झाले की म्हणते, “मला अडाणीला काय कळतंय? तूच सांग, तू शिकलीस.” मी सांगते, आणि ती आपला विचार गिळून टाकते.

पदवी मला हवीच आहे. भेंडोळे हाती येताच ते बुजगावणे कसे ताठ उभे राहते! तो आत्मविश्वास खोटा नव्हे. पण जी अक्कल आधीपासूनच आहे, ती मान्य करायला जादूगाराचा शिक्का का लागावा? आणि ज्यांच्या वाट्याला जादूगार आलाच नाही, त्यांचे काय? मुलांच्या म्हणवल्या जाणाऱ्या या चित्रपटाने मला हा प्रश्न दिला. आता आईला सल्ला देण्याआधी मी तिला विचारते, “तुला काय वाटतं?”