पाकीट आणि ‘स्पग’

आज या धाग्यात थोडे स्वतःविषयी लिहितो. नाताळचा हंगाम मला नकोसा होतो, असे म्हटले की न्यू जर्सीतील माझे मराठी स्नेही हसतात. ‘आपला सणच नाही, मग तुला त्रास कसला?’

त्रास पाकिटाचा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात विभागप्रमुखांच्या भेटवस्तूसाठी एक पाकीट फिरते. प्रत्येकी वीस डॉलर. देणे ऐच्छिक, परंतु पाकिटावर सर्वांची नावे लिहिलेली असतात आणि पैसे टाकणाऱ्याने नावापुढे खूण करायची असते! पहिल्या वर्षी घरभाडे थकलेले असतानाही मी मुकाट्याने खूण केली.

हे शल्य मनात असतानाच १९१२ सालच्या न्यूयॉर्कमधील एका संस्थेची हकीकत वाचनात आली. ‘सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग’, म्हणजे निरर्थक भेटींना आळा घालणारी मंडळी. आद्याक्षरांवरून सभासदांना ‘स्पग’ म्हणत. नाव असे की थट्टा ओढवून घ्यावी. तशी ती झालीही. संस्थापिका दोघी: पूर्वाश्रमीची अभिनेत्री एलिनॉर रॉबसन बेलमॉन्ट आणि साक्षात जे. पी. मॉर्गन यांची कन्या अ‍ॅन मॉर्गन. धनाढ्य घरांतील स्त्रियांना भेटवस्तूंचा वीट आला असेल, असा माझा पहिला ग्रह झाला. तो चुकीचा होता.

या दोघी नोकरदार मुलींना सुटीसाठी पैसे साठवायला मदत करणाऱ्या एका उपक्रमात होत्या. दुकानांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या या मुलींची कष्टाची बचत नाताळ आला की वरिष्ठांच्या भेटींसाठी निघणाऱ्या वर्गणीत जाई. नकार द्यावा तर वरिष्ठांची मर्जी जाण्याचे भय. एकटीने ‘नाही’ म्हणणे महाग पडे. ‘मी स्पग आहे’ असे म्हणणे तुलनेने सोपे होते. १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता, तो धर्माचा वाद. इथे प्रश्न मजुरीचा होता.

माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सभासद झाले आणि पुरुषांनाही दार उघडले. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत ही चळवळ विरली.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स केली यांची नॅशनल कन्झ्युमर्स लीग ग्राहकांना ‘खरेदी लवकर उरका’ असे विनवत होती, कारण नाताळापूर्वी विक्रेत्या मुलींना रात्री उशिरापर्यंत उभे राहावे लागे. दुकानदारांनी तेच वाक्य उचलून जाहिरातीत छापले. हंगाम आणखी लांबला! लीगच्या या पराभवाचे मला स्पगांच्या अस्तापेक्षा अधिक वाईट वाटते.

यंदाचे पाकीट परवा आले. शेजारच्या टेबलावरील सहकारिणीला मी स्पगांची गोष्ट सांगितली. ती हसली, मग हळूच म्हणाली, “मलाही या महिन्यात जमणार नाही.” आम्ही दोघांनीही नावापुढची जागा कोरी ठेवली आणि पाकीट पुढे सरकवले.