आजाऱ्याच्या खाटेशी

आजाऱ्यांची भेट घेणे हे धर्मगुरूचे नित्यकर्तव्य. भंडारा जिल्ह्यात आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. त्यामुळे रुग्णालयात गेलो की एकाच फेरीत तीन-चार खाटा गाठायच्या, मस्तकी हात ठेवायचा, कपाळाला व हातांना पवित्र तेल लावायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत होती.

गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध धर्मशिक्षकांच्या खाटेकडे वळत असता परिचारिकेने आम्हांला थांबविले. "फादर, आधी हात धुवा," ती म्हणाली. शेजारच्या रुग्णाला औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग झाला होता आणि त्याच्याच हाताला तेल लावून आम्ही आलो होतो. आम्ही ओशाळलो. हात धुऊन मगच गुरुजींना तेल लावले.

हे जंतू इतके चिवट का, हे आम्ही नंतर समजून घेतले. वैनगंगेच्या घाटावर पाण्यातल्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर साचतो. तो वरून पाणी ओतून जात नाही, घासूनच काढावा लागतो. मूत्रनळी, शिरेतील नळी, श्वासासाठी घातलेली नळी यांवर जिवाणू असाच थर बांधतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा थरही त्याच जातीचा. जिवाणू चिकट द्रव्य स्रवून त्यात वस्ती करतात. औषध तेथे धड पोहोचत नाही. खोलवरचे जिवाणू जणू निद्रिस्त असतात, आणि वाढत्या जिवाणूंवर घाव घालणारी औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. शिवाय दाटीने राहताना औषधाला न जुमानण्याचा गुण ते एकमेकांना देऊ शकतात. म्हणून पुष्कळदा नळी काढणे वा बदलणे भाग पडते, आणि गरज संपताच ती काढणे हा उत्तम प्रतिबंध.

व्हिएन्नाच्या डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांची हकीकत या संदर्भात आठवते. तेथील प्रसूतिगृहाच्या एका विभागात बाळंतज्वराने पुष्कळ स्त्रिया दगावत. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचे संस्कार देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा सेवक घंटा वाजवीत असे. त्या घंटेच्या धास्तीने तर हे घडत नसेल ना, अशी शंका येऊन सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना घंटेविना, दुसऱ्या वाटेने येण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. दोष शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांचा होता. मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांत सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या; जूनमध्ये सुमारे २.

आपल्या घरांतही या प्रश्नाचे मूळ आहे. ताप आला की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरे वाटताच उरलेल्या डब्यात टाकायच्या. पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. भारतात १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. परंतु घरातला डबा कोणता कायदा तपासणार?

गुरुजींच्या मूत्रनळीचा संसर्ग पुढे बळावला. नळी बदलली, औषधे बदलली. ते घरी परतले नाहीत. त्याआधीच्या आठवड्यात आम्ही त्यांचा हात हाती घेऊन बराच वेळ बसलो होतो. संसर्ग कोणाच्या हातून आला, हे कोणी सांगू शकत नाही. ही टोचणी आम्हांला आहे, आणि ती राहावी असेच वाटते.

मिस्सेत अर्पणाच्या वेळी आम्ही रोज बोटांवर पाणी घेऊन अंतःशुद्धीची प्रार्थना करतो. आता प्रत्येक खाटेपाशीही आधी हात धुतो. आपणही आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा हात धुवा, त्याच्या खाटेवर बसू नका, नळ्यांना स्पर्श करू नका. मग खुशाल त्याचा हात हाती घ्या. त्याला त्याची गरज असते.